दहा लाखांची अट आणि आमचा किनारा

प्रति,
मा. मंत्री, नगरविकास आणि गृहनिर्माण,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

२०११ च्या जनगणनेत अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम साडेआठ लाख भरली. म्हणजे उद्या सावंतवाडी, कणकवली, कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, देवगड, सगळं वाड्यावस्त्यांसकट एकत्र बांधून त्याची एकच महानगरपालिका केलीत, तरी आपल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतली (बांधकाम परवानग्यांच्या नियमांतली) मोठ्या गृहप्रकल्पात परवडणाऱ्या घरांचा वाटा ठेवण्याची अट तिला लागू होणार नाही. त्या अटीला दहा लाख लोकसंख्या लागते.

हे पत्र त्या दहा लाखांबद्दल आहे.

मी किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेच्या शहरात परवानाधारक अभियंता म्हणून काम करते. घरांचे नकाशे काढायचे, फाइल ऑनलाइन चढवायची, त्रुटी निघाली की नगररचनेच्या टेबलासमोर उभं राहायचं, हा रोजचा धंदा. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठलंही घाला, पत्रात फारसं काही बदलावं लागणार नाही. आणि नंतर कुणी तोंडावर मारण्याआधी मीच सांगून टाकते, की माझ्या उत्पन्नातला मोठा भाग मुंबई-पुण्याच्या लोकांच्या बंगल्यांच्या फीमधून येतो. माणसं चांगली आहेत, पैसे वेळेवर देतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांची वाट मोकळी ठेवून आमच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सची, एसटीच्या मेकॅनिकची आणि माझ्याच ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनची वाट अडवणाऱ्या नियमांबद्दल. हा ड्राफ्ट्समन रोज पस्तीस किलोमीटरवरून येतो. दिवसभर या शहरातल्या घरांचे नकाशे काढतो आणि शेवटच्या गाडीने शहराबाहेर जातो, कारण इथलं भाडं त्याच्या पगारात बसत नाही.

आपल्याला नियम ठाऊकच आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात सांगते. ज्या शहराची लोकसंख्या दहा लाख किंवा त्याहून जास्त, तिथे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर लेआउट वा गृहप्रकल्प आला, की वीस टक्के वाटा अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी ठेवावा लागतो. घर तीस ते पन्नास चौरस मीटरचं. म्हाडाच्या सोडतीतून ते जातं. बिल्डर अगदीच मारला जाऊ नये म्हणून या घरांचं बांधकाम एफएसआयमध्ये, म्हणजे जागेवर किती बांधता येईल त्या मर्यादेत, धरत नाहीत. २०१३ मध्ये ही तरतूद आली आणि डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीतही राहिली. तरतूद चांगली आहे. ठाणे, नवी मुंबई, पुण्यात तिच्यामुळे अनेकांना अशा वस्तीत घर मिळालं, जिथे एरवी ते फक्त कामाला गेले असते.

शहर मोठं तर गर्दी मोठी, गर्दी मोठी तर जागेवर ताण, हा दहा लाखांमागचा हिशोब. घाटावर तो कदाचित बरोबर असेल. आमच्याकडे तो उलटा आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गाचीही उतरली. माणसं कमी झाली आणि जागेचे भाव चढत गेले, कारण इथली जागा घेणारा माणूस इथे मोजलाच जात नाही. जनगणनेत तो अंधेरीत असतो नाहीतर कोथरूडमध्ये. त्याची मागणी मात्र आमच्या पाखाडीतल्या चार गुंठ्यांवर येऊन पडते. रत्नागिरी शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ७६ हजार होती, मालवणची साडेअठरा हजार, वेंगुर्ल्याची बारा हजार. या आकड्यांवरून तिथल्या घरांची गरज ठरवणं म्हणजे ताप बघायला वजनकाटा वापरणं.

भाव कशाने चढतात हे काही गुपित नाही. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो (गाड्याही नेणारी बोट) सुरू झाली, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे बरेच पूल तर अजून पूर्ण व्हायचेत, पण पलीकडच्या गावांतला दर पुलाची बातमी छापून आली त्याच आठवड्यात वाढतो. रस्ते नकोत असं कोण म्हणेल? बाळंतिणीला घेऊन खाडीला वळसा घालणाऱ्यांना विचारा पुलाची किंमत. माझं म्हणणं एवढंच, की रस्त्याचा निर्णय होतो त्या दिवशी तिथे राहणाऱ्यांच्या घराचाही निर्णय व्हायला हवा. तो कधीच होत नाही.

आता जागेकडे या. किनाऱ्यावर जागा भरपूर आहे असं मुंबईहून वाटतं. नकाशा पसरून बसलं की कळतं. समुद्राच्या बाजूने सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या नियमाची रेघ. खाडीच्या दोन्ही बाजूंनी तीच. नदीकाठाला पूररेषा, जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना बंदीची निळी रेषा आणि अटींची लाल रेषा वेगळ्याने समजावून सांगावी लागत नाही. मागे डोंगर, आणि एकास पाचपेक्षा जास्त उतारावर बांधकामाला बंदी. हे सगळे निर्बंध योग्य आहेत, त्यातला एकही सैल करा असं मी म्हणणार नाही. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, त्यानंतर आठवडाभर मी उडालेली छपरं मोजत फिरले आहे. पण निर्बंध वजा करून जी सपाट, रस्त्याला लागून, पाणी असलेली जागा उरते ती फार थोडी. नेमकी तीच प्लॉटिंगवाल्यांना हवी असते. मग गावातल्या माणसाला काय मिळतं, तर वरचा सडा. कातळावर चिऱ्याच्या दोन खोल्या, एप्रिलपासून टँकर आणि बाजारात उतरायला रिक्षाचे पैसे. स्वस्त घर म्हणून जे दाखवतात त्याची खरी किंमत तिथे दर महिन्याला भरावी लागते.

गेल्या वर्षी एकाच सुमारास माझ्याकडे दोन कामं होती. एक, शहराच्या हद्दीबाहेर जेमतेम दीड किलोमीटरवर तीन एकरांचं प्लॉटिंग. समुद्र दिसतो, कंपाउंड, गेट, क्लबहाउस. जागा एनए (बिनशेती), मालक एक, मोजणी झालेली, पैसा तयार. नियमाप्रमाणे दहा टक्के खुली जागा सोडली, रस्ते दाखवले, मंजुरी मिळाली. यात कुणी लाच घेतली नाही, कुणी नियम मोडला नाही. तीन एकर म्हणजे बारा हजार चौरस मीटर, चार हजारांच्या तिप्पट. हेच पुण्यात असतं तर वीस टक्के वाटा ठेवावा लागला असता. इथे शून्य.

दुसरं काम एसटी आगारातल्या एका मेकॅनिकचं. आजोबांच्या वेळेपासून राहत असलेल्या जागेवर, पडलेल्या मांगराच्या (शेतावरच्या खोपटाच्या) ठिकाणी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवी. सगळं मिळून चारशे चौरस फूट. आता आपल्या नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या घराला फार मोठी सवलत आहे. नेहमीच्या परवानगीची वाट बघायची नाही, परवानाधारकाने नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं, काम सुरू करायचं. ही सवलत आली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. पण ती मिळते भूखंडाला, आणि कोकणात गरिबाकडे भूखंड नसतो, सातबाऱ्यातला वाटा असतो. या मेकॅनिकच्या सातबाऱ्यावर बावीस नावं. त्यातली सात मयत, वारस तपास झालेला नाही. एक चुलती बडोद्याला. दोन कुटुंबं परळला, ती गणपतीला येतात आणि "बघू" म्हणून जातात. कुणाची हरकत नाही, पण सहीसुद्धा नाही. पोटहिस्सा पडल्याशिवाय मोजणी नाही, मोजणीशिवाय नकाशा नाही. आणि शेतीच्या जागेचा हिस्सा पाडायला गेलं की तुकडेबंदी कायद्याचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याला ठरवून दिलेलं किमान माप, आडवं येतं. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाखांपर्यंत मदत आहे, ती मिळायलाही जागा स्वतःच्या नावावर लागते. तीन एकरांच्या फाइलला जेवढे महिने लागले त्याच्या दुप्पट महिने हा माणूस तलाठ्याकडे जातोय. अजून एक चिरा बसलेला नाही.

या दोन फायलींमध्ये एकही अधिकारी वाईट वागला नाही, हे पुन्हा लिहिते. नियमच असा आहे की स्वच्छ कागद ज्याच्याकडे त्याला तो वाट देतो, आणि कोकणात स्वच्छ कागद विकत घेणाऱ्याकडे असतो, राहणाऱ्याकडे नसतो.

चार हजार चौरस मीटरच्या अटीबद्दलही बोलायला हवं, कारण फक्त दहा लाखांचा आकडा खाली आणून भागणार नाही. चार हजार म्हणजे जवळजवळ एक एकर. आमच्या शहरांच्या जुन्या भागात एक एकराचा एकसंध तुकडा कुठे आहे? आगरं आहेत, नारळी-पोफळीच्या पट्ट्या, दोन बाजूंना दगडी गडगे, मध्ये बाव (विहीर), रुंदी पंधरा मीटर आणि लांबी समुद्रापर्यंत. तिथे सात-आठ फ्लॅटच्या इमारती उभ्या राहतात, चार हजारांच्या खूप खाली. मोठे लेआउट पडतात ते हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात, प्रादेशिक योजनेच्या (शहरांबाहेरचा जमीनवापर ठरवणाऱ्या योजनेच्या) अमलाखाली. म्हणजे शहराच्या आत जागा अटीत बसत नाही आणि बाहेर अटच नाही. आणि जिथे उंबरठा असतो तिथे लोक उंबरठ्याच्या अलीकडेच थांबतात, हाही अनुभव आहे. नाशिकमध्ये जागेचे तुकडे पाडून ही अट टाळली जाते, म्हाडाकडे घरं जात नाहीत, हा विषय २०२२ मध्ये विधान परिषदेत गाजला. तिकडे अमेरिकेत पोर्टलंड शहराने २०१७ पासून वीस किंवा जास्त घरांच्या इमारतीला परवडणाऱ्या घरांची अट घातली, तर विसाच्या जरा खालच्या आकड्याच्या इमारतींचे प्रस्ताव वाढले. माणूस सगळीकडे सारखाच.

म्हाडाच्या कोकण मंडळाबद्दल थोडं. नाव कोकण, पण सोडत निघाली की घरं कुठे असतात? विरार, कल्याण, ठाणे, टिटवाळा. २०२५ च्या सोडतीत पाच हजारांवर सदनिका होत्या. खालच्या कोकणाच्या वाट्याला आले ते ओरोसचे काही भूखंड. मंडळाचा यात दोष नाही. घरं जिथे बांधली किंवा बिल्डरकडून मिळाली, तिथलीच सोडत निघणार. वीस टक्क्यांची अट जिथे नाही तिथून मंडळाला घर मिळणार कुठून? पण आमच्याकडची पोरं "कोकण मंडळ" वाचून अर्ज भरायला सायबर कॅफेत जातात, आणि यादी उघडली की गप्प परत येतात.

विकास आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी आरक्षण टाकलेलं असतं, हे उत्तर मला नेहमी मिळतं. असतं खरं. त्याचं पुढे काय होतं ते प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम १२७ मध्ये आहे. दहा वर्षांत जागा घेतली नाही, की मालक नोटीस देतो. चोवीस महिन्यांत पावलं उचलली नाहीत, की आरक्षण रद्द. ज्या नगरपरिषदेला सफाई कामगारांचे पगार वेळेवर करताना नाकीनऊ येतात, ती भूसंपादनाचे पैसे कुठून आणणार? मालकाचाही त्यात काही गुन्हा नाही, दहा वर्षं जागा अडकून पडते त्याची. मी स्वतः अशा सुटलेल्या एका आरक्षणावरच्या इमारतीचा नकाशा काढला आहे. तीनही मजल्यांवर समुद्राकडे बाल्कन्या.

भाड्याचं घर हा विषय तर नियमावलीच्या खिजगणतीतही नाही. किनाऱ्यावरच्या शहरांत निम्मा नोकरदार वर्ग बदलीवरचा असतो: शिक्षक, बँकेतली मुलं, नर्स, पोलीस. त्यांना विकत घर नकोच असतं, खोली हवी असते. पूर्वी प्रत्येक घराच्या मागे एक-दोन भाड्याच्या खोल्या असायच्या. आता त्याच खोल्या पर्यटकांना रात्रीच्या हिशोबाने जातात. मालकाला एका लाँग वीकेंडला महिन्याचं भाडं सुटतं, मग त्याने का सोडावं? त्यात नवीन रीत निघाली आहे, दहा महिन्यांचं भाडं. एप्रिलच्या मध्याला भाडेकरूला सांगायचं, दोन महिने गावी जाऊन या. आमच्या ओळखीची एक नर्स मे महिन्यात मैत्रिणीकडे गादी टाकून झोपते, सामान मालकाच्या माळ्यावर. तिच्या वॉर्डात मे महिन्यात पेशंट कमी होत नाहीत. उलट किनाऱ्यावर बुडालेले, गाडीवरून पडलेले पर्यटकच जास्त असतात.

कोळीवाड्यांचं दुःख वेगळं. घर तीन पिढ्यांचं, जागा कागदावर कुणाची ते स्पष्ट नाही, सीमांकन झालेलं नाही. सीआरझेडच्या २०१९ च्या व्यवस्थेत स्वतः राहण्यासाठीच्या तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या घराला स्थानिक पातळीवरच परवानगीची सोय आहे. तीनशे चौरस मीटर म्हणजे बत्तीसशे चौरस फूट! एवढं घर बांधणारा कोळी मी अजून पाहिलेला नाही. "स्वतः राहण्यासाठी" म्हणून बांधलेल्या घरात पुढे कोण राहतं, हे मात्र कुणी बघत नाही.

आता बिल्डरांची बाजू. मी त्यांच्यातच वावरते, ती बाजू मला पाठ आहे. वीस टक्के घरं स्वस्तात द्या म्हटलं की उरलेल्या ऐंशी टक्क्यांवर बोजा पडतो, प्रकल्प रेंगाळतो, घरंच कमी बांधली जातात. यात तथ्य आहे. आमच्या गावात स्थानिकांसाठी फ्लॅट बांधणाऱ्या छोट्या बिल्डरचा नफा मी हिशोबाला बसून पाहिलेला आहे. बांधकामाचा खर्च आणि विक्रीचा दर यांत फार अंतर उरत नाही. त्याच्या आठ फ्लॅटमधले दोन काढून घेतलेत तर तो धंदा बंद करून डंपर घेईल. म्हणूनच सरसकट अट मी मागत नाही. पण गेटवाल्या प्लॉटिंगमध्ये तसं नाही. तिथे शेतजमिनीचा दर आणि प्लॉटचा दर यांत जे अंतर आहे ते बांधकामातून आलेलं नाही. ते शासनाने केलेल्या रस्त्यातून, पुलातून आणि शासनानेच दिलेल्या बिनशेती परवानगीतून आलेलं आहे. त्यातला वाटा मागण्याचा शासनाला पूर्ण हक्क आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात माँटगोमेरी काउंटीने १९७४ मध्ये अशीच अट घातली, तीही बदल्यात जादा घरं बांधायची मुभा देऊन. तिथलं बांधकाम काही थांबलं नाही. अट कुठे घालायची आणि बदल्यात काय द्यायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

आणि किनारा हा एक पट्टा म्हणून बघता येतो, हे शासनानेच दाखवलेलं आहे. मार्च २०२४ मध्ये पालघर ते सिंधुदुर्ग १,६३५ गावांसाठी सिडकोला (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाला) विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे तिथलं नियोजन करणारी संस्था, म्हणून नेमण्याची अधिसूचना निघाली. त्या निर्णयाविरुद्ध पुष्कळ लोक बोलले, माझेही मतभेद होते. पण तेव्हा कुठल्याही गावाला लोकसंख्या किती म्हणून विचारलं नव्हतं. विकासाला दहा लाखांची अट नाही, मग घरालाच का?

मे २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने "माझे घर, माझे अधिकार" हे नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. २०३० पर्यंत अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी पस्तीस लाख घरं. शीर्षक वाचून बरं वाटलं. पण वीस टक्क्यांची अट वाढवण्याची चर्चा जेव्हा जेव्हा होते, तेव्हा ती महानगरांच्या भोवतीच फिरते. त्या पस्तीस लाखांतली किती घरं श्रीवर्धन, गुहागर, मालवणसारख्या ठिकाणी होतील, याचं उत्तर दहा लाखांची अट जागेवर असेपर्यंत मला दिसतच आहे.

तेव्हा मागण्या.

किनाऱ्यावरच्या तालुक्यांसाठी लोकसंख्येची अट काढा. त्याऐवजी ताण मोजा. दस्त नोंदणीतून बाहेरच्या पत्त्याचे खरेदीदार किती ते कळतं, घरपट्टीच्या नोंदीतून बंद घरं कळतात, आणि २०२७ च्या जनगणनेच्या घरयादीत रिकाम्या घरांची नोंद होणारच आहे. हे सगळे आकडे शासनाकडेच असतात, माझ्यासारखीने ते गोळा करायची गरज नाही.

ही अट शहराच्या हद्दीवर थांबवू नका. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रातल्या निवासी प्लॉटिंगला ती लावा, आणि चार हजारांऐवजी दोन हजार चौरस मीटरपासून लावा. एकाच मालकाच्या लागून असलेल्या गटांची बेरीज धरा, म्हणजे तुकडे पाडून पळवाट राहणार नाही. पैसे भरून सुटका नको. वाटा जागेच्या किंवा घराच्या रूपात घ्या, आणि तो सड्यावर ढकलू नका. नळाचं पाणी आणि एसटीचा थांबा चालत जाण्याच्या अंतरावर हवा. स्थानिकांसाठी लहान फ्लॅट बांधणाऱ्याला ही अट नको, उलट विकास शुल्कात सूट द्या.

या घरांच्या वाटपात तालुक्यात काम करणाऱ्याला पहिला मान असावा. तो मूळचा कोकणातला आहे की परभणीहून बदलून आलेला, हे विचारू नका. पाच वर्षं विकायची नाहीत ही म्हाडाची अट आमच्याकडे पुरणार नाही, ती वाढवा. आणि अशा घरात पर्यटकांना रात्रीने खोल्या देण्यावर बंदी घाला.

सामाईक सातबाऱ्यासाठी वेगळी वाट काढा. जो वर्षानुवर्षं राहतो, ज्याच्याकडे घरपट्टी आणि वीजबिल आहे, त्याला पन्नास चौरस मीटरपर्यंतच्या घरासाठी तीस दिवसांची जाहीर नोटीस देऊन परवानगी द्या. मालकीहक्क त्यातून कुणाचाही बदलणार नाही, असं परवानगीवरच छापा. हरकत आली तर सुनावणी घ्या. पण गप्प बसलेल्या चुलत्याची सही मिळत नाही म्हणून घर अडवू नका. आवास योजनेच्या मदतीलाही हाच निकष लावा.

आरक्षित जागा घ्यायला लहान नगरपरिषदांना स्वतंत्र निधी द्या, आणि त्या जागांवर काही प्रमाणात तरी नगरपरिषदेच्या मालकीची भाड्याची घरं बांधा. विकण्यासाठी नकोत. बदलीवरच्या माणसाला तीच लागतात.

कोळीवाड्यांचं सीमांकन आधी पूर्ण करा, मग किनाऱ्यावरच्या पुढच्या आराखड्याला हात लावा. क्रम उलटा झाला की काय होतं ते लोकांनी पाहिलेलं आहे.

या नियमांत बदल करताना आपला विभाग हरकती-सूचना मागवतो. जाहिरात मुंबईच्या वर्तमानपत्रात येते, मुदत महिनाभराची असते आणि सुनावणी कोकण भवनात, बेलापूरला. वेंगुर्ल्याच्या माणसाने रात्रीच्या गाडीने निघून सकाळी तिथे हजर राहायचं आणि तीन मिनिटं बोलून परत फिरायचं. यावेळी सुनावणी किनाऱ्यावर घ्या, जिल्ह्याला निदान दोन ठिकाणी. आणि शक्य असेल तर ती १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत ठेवा. होड्या तेव्हा वर ओढलेल्या असतात, त्यामुळे कोळीवाड्यातल्या लोकांनाही येता येईल. बसायला हॉल आम्ही बघू.

आपली,
किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषद हद्दीतली परवानाधारक अभियंता